शिफारस कोणाची, पात्रता कोणाची?

मुलांच्या पुढील वाटा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक नवा प्रश्न डोकावूं लागला आहे. पूर्वीं मुलाला इंजिनियर करावें कीं डॉक्टर, एवढ्यावरच घरांतील चर्चा थांबत असे. आतां कुटुंबाची एखादी शाखा अमेरिकेंत स्थायिक झालेली असते, तेथें वाढलेलें नातवंड सोळा वर्षांचें होतें, आणि एके दिवशीं दूरध्वनीवरून आजीआजोबांना समजतें कीं, त्याला तेथील लष्करी विद्यालयांत जावयाचें आहे. नाशिकच्या एका भगिनींचें पत्र याच प्रकारचें आहे. त्यांचे धाकटे दीर पुष्कळ वर्षांपूर्वीं अमेरिकेस गेले. त्यांची मुलगी सध्यां अकराव्या इयत्तेंत असून तिला वेस्ट पॉइंट येथें जावयाचें आहे, व त्यासाठीं तेथील एखाद्या लोकप्रतिनिधीकडून ‘नॉमिनेशन’ मिळवावें लागतें असें त्यांच्या कानीं आलें आहे. “तिकडे आमच्या ओळखीचें कोणी नाहीं, मग ही शिफारस मिळवावयाची कशी? आणि मुळांत ती मिळवावी कीं नाहीं?” असे दोन प्रश्न त्यांनीं विचारले आहेत.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा अधिक महत्त्वाचा, हें खरें. परंतु पहिल्याच्या मुळाशीं एक गैरसमज आहे, आणि तो दूर झाल्यावांचून दुसऱ्याचा विचार नीट व्हावयाचा नाहीं. म्हणून आरंभ पहिल्यापासूनच करूं.

नामनिर्देशन म्हणजे काय?

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अशा पांच संस्था आहेत. हडसन नदीच्या कांठीं असलेली वेस्ट पॉइंट ही भूसैन्याची, इ. स. १८०२ सालीं स्थापन झालेली. मेरीलंडमधील ॲनापोलिस ही आरमाराची, १८४५ ची. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील हवाईदलाची, १९५४ ची. न्यूयॉर्कजवळ किंग्ज पॉइंट येथील व्यापारी नौकानयनाची. आणि न्यू लंडन येथील तटरक्षक दलाची. यांपैकीं शेवटची संस्था विद्यार्थ्यांच्या थेट अर्जांवरूनच निवड करते. तेथें नामनिर्देशन लागत नाहीं. बाकीच्या चार संस्थांत मात्र त्यावांचून प्रवेश नाहीं.

नामनिर्देशनाचा अधिकार मुख्यतः तेथील काँग्रेसच्या सभासदांकडे आहे. राज्याचे दोन सेनेटर आणि मतदारसंघाचा एक प्रतिनिधि, असे तीन दरवाजे सामान्यतः प्रत्येक मुलापुढें उघडे असतात. पहिल्या तीन संस्थांपुरतें उपराष्ट्राध्यक्षांचें चवथें दार आहे; आणि ज्यांचे आईबाप दीर्घकाळ सैनिकी सेवेंत आहेत त्यांच्यासाठीं राष्ट्राध्यक्षांच्या नांवानें निराळी सोय आहे. या तीन संस्थांपैकीं प्रत्येकींत एका सभासदाचे एका वेळीं पांचच विद्यार्थी असूं शकतात. त्यांतील एखादा पदवी घेऊन बाहेर पडला कीं जागा मोकळी होते, आणि त्या एका जागेसाठीं सभासद अनेक नांवें पाठवितो. त्यांतून कोणाला घ्यावयाचें हें बहुधा संस्था ठरविते. क्वचित् सभासद स्वतःच एकाचें नांव प्रथम क्रमांकावर घालून पाठवितो. पण तोहि विद्यार्थी संस्थेच्या कसोटीस उतरला तरच आंत जातो. म्हणजे नामनिर्देशन हें केवळ कडी काढणें होय. उंबरठा ओलांडावयाचा तो मुलानें स्वतःच्या पायांनीं.

‘शिफारस’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनांत वशिल्याची आठवण जागी होते, व त्यांत आपला फारसा दोष नाहीं. परंतु येथें ती कल्पना लागू पडत नाहीं. बहुतेक सभासद या कामासाठीं आपल्या भागांतील निवृत्त लष्करी अधिकारी, शिक्षक व जाणते नागरिक यांची समिति नेमतात. ही समिति अर्ज वाचते, मुलाखती घेते व आपलें मत कळविते. सभासदाशीं मुलाच्या वडिलांची ओळख असण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. उलट, वडिलांनीं वरचेवर कचेरींत दूरध्वनि करून चौकशी करणें हें मुलाच्या विरुद्धच जाण्याचा संभव अधिक. कारण उद्यां ज्याला तीसचाळीस सैनिकांची जबाबदारी घ्यावयाची आहे त्याला स्वतःचा अर्ज चालवितां येत नाहीं, असा त्याचा अर्थ होतो.

दोन जुनीं उदाहरणें

पूर्वीं मात्र हा मामला वशिल्याचाच होता. युलिसिस ग्रँट हा अमेरिकेच्या यादवी युद्धांतील विजयी सेनापति व पुढें राष्ट्राध्यक्ष. त्याच्या वडिलांनीं १८३९ सालीं ओहायोमधील काँग्रेस सभासद टॉमस हेमर यांना गळ घातली. या दोघां गृहस्थांत पूर्वीं बेबनाव झालेला होता, तरी हेमर यांनीं शब्द राखला. मुलाला मात्र कोणी विचारलेंच नव्हतें, आणि त्याला जावयाचेंहि नव्हतें. घाईघाईनें पाठविलेल्या त्या पत्रांत त्याचें नांवहि चुकलें. हायरम युलिसिस ग्रँट याच्या जागीं ‘युलिसिस एस. ग्रँट’ असें लिहिलें गेलें, आणि तेंच जन्मभर त्याला चिकटलें. पुढें त्याचें नांव झालें हा निराळा भाग. १८५४ सालीं त्यानें नोकरीचा राजीनामा दिला होता, व यादवी युद्ध पेटलें नसतें तर इतिहासाला तो आठवलाहि नसता.

दुसरें उदाहरण सत्तर वर्षांनंतरचें आहे. कॅन्सस राज्यांतील ॲबिलीन या लहान गांवचा ड्वाइट आयझेनहॉवर हा मुलगा शाळा संपवून एका दूधलोण्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करीत होता. वडील भावाच्या शिक्षणाचा खर्च त्यानें भागवावा, मग भावानें याचा भागवावा, असा दोघांचा करार होता. आपल्याकडील एकत्र कुटुंबांत शोभावी अशीच ही गोष्ट आहे. मित्रानें सुचविल्यावरून त्यानें सेनेटर ब्रिस्टो यांना स्वतः पत्र लिहिलें, गांवांतील प्रतिष्ठित मंडळींच्या दारीं स्वतः जाऊन त्यांच्याकडून आपल्या वर्तणुकीविषयीं पत्रें पाठविलीं, आणि १९१० मध्यें सेनेटरनें ठेवलेल्या चढाओढीच्या परीक्षेस तो बसला. तो वेस्ट पॉइंटच्या उमेदवारांत दुसरा आला व १९११ च्या जूनमध्यें तेथें दाखल झाला.

एकाचें नांव वडिलांनीं मिळवून दिलें. दुसऱ्यानें आपलें आपण मिळविलें. आजची पद्धति पूर्णपणें दुसऱ्या मार्गाची आहे. अर्ज बळकट करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचें बीज या एका फरकांत आहे.

आधीं पाया पाहावा

कित्येक कुटुंबांत इमारत चढते आणि मग पाया नसल्याचें ध्यानांत येतें. म्हणून प्रथम पात्रतेच्या मूळ अटी पाहाव्या. विद्यार्थी अविवाहित असावा, प्रवेशाच्या वर्षीं १ जुलैस सतरा वर्षें पुरीं केलेला असावा, आणि मुख्य म्हणजे तो अमेरिकेचा नागरिक असावा. आपल्या मंडळींची अडचण नेमकी येथेंच होते. तेथें जन्मलेल्या मुलाचा प्रश्न नाहीं. पण लहानपणीं येथून गेलेला मुलगा केवळ कायम वास्तव्याच्या परवान्यावर, ज्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात त्यावर, राहात असेल, तर तो कितीहि हुशार असला तरी त्याला प्रवेश नाहीं. कायम वास्तव्याचा परवाना असलेलें अठरा वर्षांखालील मूल आईबापांजवळ राहात असेल, तर दोघांपैकीं एकाला नागरिकत्व मिळतांच तें मूलहि कायद्यानें नागरिक होतें. तेव्हां आईबापांनीं आपल्या अर्जाचा विचार मुलाच्या अकरावींत नव्हे, तर आठवीं-नववींतच करावा. नाहीं तर वरातीमागून घोडें, अशी गत होते.

याच्याच जोडीची दुसरी बाब ओसीआय पत्राची. परदेशी सैन्यांत असलेल्या वा त्यांतून निवृत्त झालेल्या व्यक्तीस भारत सरकारच्या नियमांप्रमाणें हें पत्र मिळत नाहीं. तेव्हां ज्या मुलाजवळ तें लहानपणापासून आहे, त्यानें पुढें काय करावें लागेल याची चौकशी वाणिज्य दूतावासाकडे वेळींच करावी. आजीला भेटावयास येतांना व्हिसाची रांग लागणार असेल, तर तें आजीलाहि आधीं ठाऊक असावें.

तिसरी बाब दिसावयास क्षुल्लक आहे. आपल्या मुलांचीं नांवें एका कागदावर वडिलांच्या नांवासह, दुसऱ्यावर त्यावांचून, आणि तिसऱ्यावर निराळ्या वर्णलेखनानें लिहिलेलीं असतात. जन्मदाखला, पारपत्र, शाळेची नोंद व परीक्षेचें पत्रक या सर्वांवर एकच नांव एकाच रीतीनें आहे कीं नाहीं, हें अर्जापूर्वींच पाहावें. ग्रँटसारखी गंमत आज कोणाला परवडणारी नाहीं.

अर्जाचें बळ कशांत असतें?

वेस्ट पॉइंट येथें उमेदवाराचें जें एकंदर मोजमाप केलें जातें, त्यांत सुमारें साठ टक्के भार अभ्यासाचा, तीस टक्के नेतृत्वाचा व दहा टक्के शारीरिक क्षमतेचा असतो. इतर संस्थांचें प्रमाण निराळें असलें तरी अंगें हींच.

अभ्यासाविषयीं आपल्या घरांना फारसें सांगावयास नको. चारहि वर्षें गणित व इंग्रजी, प्रयोगासह पदार्थविज्ञान व रसायन, एखादी परभाषा, आणि सॅट वा ॲक्ट या परीक्षांत उत्तम गुण, एवढें असलें म्हणजे ही बाजू सावरते. सोपे विषय घेऊन पूर्ण गुण मिळविण्यापेक्षां कठीण विषय घेऊन चांगले गुण मिळविणें अधिक मानलें जातें, एवढें लक्षांत ठेवावें.

आपलीं मुलें मागें पडतात तीं दुसऱ्या अंगांत. पियानो, भरतनाट्यम्, शब्दलेखनाच्या स्पर्धा, गणिताच्या स्पर्धा, हे सर्व उद्योग उत्तम आहेत. पण ते एकट्यानें करावयाचे आहेत. समिति विचारते ती गोष्ट निराळी आहे. या मुलाच्या शब्दावर चार माणसें कधीं कामाला लागलीं आहेत काय? एखादें काम बिघडलें तेव्हां त्याचा दोष यानें आपल्या अंगावर घेतला आहे काय? ज्याला सांघिक खेळांत रस आहे त्यानें संघांत टिकून राहावें. पुढें कर्णधार झाला तर उत्तमच. कोणी बालवीर चळवळींत ‘ईगल स्काउट’ या सर्वोच्च पदापर्यंत जातो, कोणी शाळेच्या प्रतिनिधि-मंडळांत काम करतो, कोणी ‘सिव्हिल एअर पेट्रोल’च्या छात्रदलांत शिरतो. घरखर्चाला हातभार म्हणून दुकानांत नोकरी करणारा मुलगाहि या कसोटीस उतरतो, हें पुष्कळांना नवल वाटेल. पण आयझेनहॉवरची रात्रपाळी आठवली म्हणजे नवल वाटणार नाहीं.

आपल्या मंडळींच्या हाताशीं असलेली एक संधि बहुधा वायां जाते. तेथील शहरोशहरीं महाराष्ट्र मंडळें आहेत, मराठी शाळा आहेत, गणेशोत्सव होतात. तेथें पंधरासोळा वर्षांच्या मुलाला आरतीनंतर फोटोपुरतें उभें करण्याऐवजीं दोनशें पानांच्या पंगतीची व्यवस्था त्याच्यावर सोंपवावी, किंवा लहान मुलांचा वर्ग वर्षभर त्यानेंच चालवावा. एक वर्ष नेटानें चालविलेला असा वर्ग दहा संस्थांच्या नाममात्र सभासदत्वाहून वजनदार ठरतो. अर्जांत बारा उद्योगांची यादी देणाऱ्यापेक्षां तीनच उद्योग चार वर्षें करणारा मुलगा परीक्षकांच्या नजरेंत भरतो.

तिसरें अंग शरीराचें. क्षमतेच्या चाचणींत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉलचा चेंडू लांब फेकणें, दांड्याला लोंबकळून अंग वर उचलणें, झटपट वळून धांवणें, जोर काढणें, शेवटीं एक मैल धांवणें, असे प्रकार एकामागून एक येतात. हे महिन्याभरांत साधत नाहींत. आजोबांच्या तालमींतले जोर येथें उपयोगीं पडतील, पण ते नातवानें काढले तर! एक वर्ष आधींपासून दररोज थोडा अभ्यास, हाच यावर उपाय.

शरीराचीच दुसरी बाजू म्हणजे वैद्यकीय तपासणी. तेराव्या वर्षानंतरचा दमा, अन्नाची तीव्र बाधा, दृष्टीचे दोष, अशा गोष्टी येथें आडव्या येतात. कांहीं बाबतींत संस्था विचार करून सूट देते. येथें एक मोह होतो: जुनें औषध, लहानपणचें दुखणें सांगूंच नये असा. तो मोह कटाक्षानें टाळावा. खोटें बोलावयाचें नाहीं, फसवावयाचें नाहीं, चोरी करावयाची नाहीं, आणि असें करणाऱ्याला पाठीशीं घालावयाचें नाहीं, हा वेस्ट पॉइंटच्या छात्रांचा पहिला नियम आहे. त्या संस्थेचें दार खोटेपणानें उघडूं पाहाणें यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

पत्रें, निबंध व मुलाखत

वेळेचें गणित असें आहे. अकरावीच्या उत्तरार्धांत संस्थेकडे प्राथमिक माहितीपत्रक भरावयाचें. त्याच सुमारास उन्हाळी परिचयवर्गासाठीं अर्ज करतां येतो. तेथें कांहीं दिवस राहून आपल्याला हें जीवन मानवतें कीं नाहीं, हें मुलाला स्वतः पाहतां येतें. दोन्ही सेनेटर, प्रतिनिधि व उपराष्ट्राध्यक्ष यांच्याकडे वेगवेगळे अर्ज करावयाचे. एकाकडे केला म्हणजे झालें, अशी समजूत करून घेणारे पुष्कळ फसतात. प्रत्येक कचेरीची मुदत निराळी असते व ती बहुधा बारावीच्या आरंभीच्या शरदांत संपते. मुदत उलटल्यावर आलेला अर्ज कोणी वाचीत नाहीं. मुलाखती हिंवाळ्याच्या तोंडावर होतात आणि नांवें जानेवारीच्या अखेरपर्यंत संस्थांकडे जातात. नामनिर्देशनाचा अर्ज व संस्थेचा अर्ज हे दोन निराळे आहेत. दोन्ही पुरे करावे लागतात.

प्रशस्तिपत्रें ज्यांनीं मुलाला काम करतांना पाहिलें आहे त्यांचींच असावीं. गणिताचे शिक्षक, खेळाचे मार्गदर्शक, ज्याच्याकडे नोकरी केली तो दुकानदार, यांची दोन ओळींची साक्ष मोठ्या पदावरील अपरिचित गृहस्थाच्या दोन पानांहून भारी. मोठें नांव आणि पोकळ मजकूर म्हणजे नाकापेक्षां मोती जड. शिक्षकांना पत्र मागावयाचें तें महिनाभर आधीं, स्वतः भेटून, आणि मिळाल्यावर आभार मानून.

निबंधाविषयीं अधिक स्पष्ट लिहिलें पाहिजे. आमच्या घरांतील वडील मंडळी लिहितीं-वाचतीं असतात, आणि हेंच येथें संकट होतें. मुलाचा निबंध काका सुधारतात, मामा त्यांत दोन वाक्यें घालतात, वडील शेवट बदलतात, आणि अखेर जें उरतें तें घरांतील सर्वांचें असतें, मुलाचें सोडून. परीक्षकांनीं असे शेंकडों निबंध वाचलेले असतात. शितावरून भाताची परीक्षा त्यांना साधते. निबंधांत देशभक्तीचीं मोठीं वाक्यें नसलीं तरी चालेल. पण याच मुलाच्या आयुष्यांतील एखादी खरी गोष्ट आणि तिच्यामुळें त्याला हें जीवन कां हवेंसें वाटलें, एवढें असावें. वडिलांनीं शुद्धलेखन तपासावें व हात मागें घ्यावा.

मुलाखतींत दोन प्रश्न ठरलेलेच. पहिला: तुला हीच संस्था कां हवी? ‘फुकट शिक्षण मिळतें’ हें उत्तर खरें असलें तरी पुरेसें नाहीं. शिक्षण विनामूल्य आहे, शिवाय छात्रांना मासिक वेतनहि मिळतें. पण त्याची फेड सेवेनें करावयाची असते. दुसरा प्रश्न: निवड न झाल्यास काय करशील? ज्याला अधिकारी व्हावयाचें आहे त्याच्यापाशीं दुसरी वाट तयार असते. इतर विद्यापीठांतून आरओटीसी या मार्गानें अधिकारी होतां येतें, वर्षभर तयारी करून पुन्हां अर्ज करतां येतो. हें उत्तर ज्याला सुचतच नाहीं त्याला अधिकारपद हवें आहे कीं संस्थेचें नांव, असा संशय येतो. घरीं अशी सराव-मुलाखत अवश्य घ्यावी. प्रश्न आजींनींहि विचारावेत. मात्र उत्तरें पाठ करून घेऊं नयेत. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं.

मिळवावें कीं नाहीं?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हा प्रश्न आपल्या घरांत फार थोडा बोलला जातो व फार खोल सलतो. वेस्ट पॉइंट ही उत्तम पदवी देणारी संस्था आहे हें खरें. पण ती सैनिक घडविणारी संस्था आहे. पदवीनंतर निदान पांच वर्षें प्रत्यक्ष सेवा व त्यापुढें राखीव दलाचीं तीन, अशा एकंदर आठ वर्षांचें बंधन असतें. पहिलीं दोन वर्षें संपेपर्यंत मुलाला माघार घेण्याची मोकळीक आहे; तिसऱ्या वर्षाचा अभ्यास सुरू झाला कीं तें बंधन लागू होतें. देशाने युद्ध पुकारलें तर त्याला जावें लागेल. तें युद्ध आपल्याला पटो वा न पटो, तें कोठें होईल हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. मुलगा वा मुलगी परत न येण्याचाहि संभव आहे. हें वाक्य घरांत एकदां मोठ्यानें उच्चारलें गेलें पाहिजे. तें टाळून भरलेला अर्ज कितीहि नेटका असला तरी कच्चाच.

मुलींविषयीं वेगळी शंका घेतली जाते, म्हणून सांगतों. १९७६ सालापासून या संस्थांत मुली आहेत. सुनीता विल्यम्स, ज्यांचे वडील मूळचे गुजराथचे, या १९८७ सालीं ॲनापोलिसहून पदवीधर झाल्या. राजा चारी, ज्यांचे वडील हैदराबादहून शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले, हे १९९९ मध्यें हवाईदलाच्या संस्थेंतून बाहेर पडले. दोघेहि पुढें अंतराळांत जाऊन आले. पण हीं उदाहरणें आशेपुरतींच घ्यावीं. शेंकडों पदवीधर कोणत्याहि वर्तमानपत्रांत न येतां आपलें काम करीत असतात, आणि तुमचें मूल बहुधा त्यांच्यापैकींच एक होईल. तेंहि मान्य असलें पाहिजे.

शाकाहार, सोंवळें-ओंवळें, सणवार, यांचेहि प्रश्न पत्रांतून येतात. शाकाहारी पदार्थ तेथें मिळतात. मैदानावरच्या बांधीव शिध्यांतहि कांहीं प्रकार शाकाहारी असतात. पण निवड थोडी असते, भूक मोठी असते, आणि घरचा हात नसतो. कोणता नियम आपण पाळणार आणि कोणता सोडणार, हें त्या मुलानें ठरवावयाचें आहे. त्याला येथून शपथा घालूं नयेत.

आयझेनहॉवरच्या आईची गोष्ट येथें आठवते. ती माउली युद्धाला पाप मानणारी. मुलानें सैन्याची वाट धरावी याहून तिच्या मनाला लागणारें दुसरें कांहीं नव्हतें. तरी तिनें अडवणूक केली नाहीं. निवड मुलाची, असें मानून तिनें त्याला निरोप दिला. तो गेल्यावर ती आपल्या खोलींत जाऊन रडली, आणि आईचें रडणें आपण त्या दिवशीं प्रथमच ऐकलें, असें तिच्या धाकट्या मुलानें पुढें सांगितलें. तिचें मत बदललें नव्हतें, आणि तिनें तें लपविलेंहि नव्हतें. तिनें फक्त आपलें मत मुलाच्या वाटेंत आडवें घातलें नाहीं.

वडील मंडळींचें काम यापेक्षां अधिक नाहीं आणि कमीहि नाहीं. आपलें भय स्पष्ट सांगावें. मुलाचें म्हणणें पुरें ऐकावें. त्याची इच्छा त्याच्याच मनांतून आली आहे, कीं मित्रांच्या, चित्रपटांच्या वा बापाच्या अपुऱ्या हौसेंतून, हें वर्षभर निरखावें. ती त्याची नसेल तर अर्ज कितीहि सजविला तरी मुलाखतींत उघडा पडतो, आणि तेथें न पडला तर पहिल्या उन्हाळ्याच्या खडतर शिक्षणांत पडतो. ती त्याचीच असेल, तर तारखांची वही ठेवणें, कागद जुळविणें, पहांटे धांवावयास जाणाऱ्याला वेळेवर उठविणें, एवढीं कामें घरानें करावीं. पत्रें लिहिणें, चौकशी करणें व उत्तरें देणें हीं मुलानें.

जातां जातां येथील वाचकांसाठीं दोन शब्द. आपल्या देशांत असल्या नामनिर्देशनाची पद्धति नाहीं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जावयाचें तर साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षें वयाच्या सुमारास केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यावयाची. ती वर्षांतून दोनदां होते व तिला ९०० गुण असतात. पुढें निवड मंडळापुढें पांच दिवसांची कसोटी. तिलाहि ९०० च गुण. २०२२ पासून तेथें मुलींनाहि प्रवेश आहे. दार निराळें असलें तरी त्या पांच दिवसांत मंडळ जें शोधतें तें ॲबिलीनच्या मुलानें दाखविलें तेंच: स्वतः उभें राहाण्याची, दुसऱ्यांना बरोबर घेण्याची व खरें बोलण्याची संवय.

ही संवय सोळाव्या वर्षीं अर्जाच्या निमित्तानें लावतां येत नाहीं. ती घरांत आधींपासून लागते. पंगतीला वाढतांना, धाकट्या भावंडांना सांभाळतांना, फुटलेल्या बरणीबद्दल आपण होऊन सांगतांना. मग निवड होवो वा न होवो, तें मूल रिकाम्या हातानें परतत नाहीं.